मंत्रानं वाचलेली माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सापांवरचं व्याख्यान संपलं की कोणते प्रश्न येणार, हे मला आता पाठ झालं आहे. साप दूध पितो का? नाग डूख धरतो का? पुंगीवर डोलतो तो सूर ऐकून का? या तिन्हींची उत्तरं मी चटकन देऊन टाकतो. दूध हा सापाचा आहार नव्हे. गारुड्याचा नाग वाटीत तोंड घालतो, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेलं असतं. डूख धरायची तर माणूस ओळखून लक्षात ठेवायला हवा, आणि तेवढी ऐपत सापाच्या मेंदूची नाही. कानाचं म्हणाल तर सापाला बाहेरचा कान नाही, पण तो ठार बहिराही नाही. जमिनीची कंपनं जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचतात. खालच्या पट्टीतला हवेतला आवाजही कवटीच्या कंपनातून त्याला थोडाफार कळतो, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. पुंगीपुढे मात्र तो डोलतो ते पुंगीच्या हलण्यावर नजर ठेवून. सूर कोणता का असेना.

चौथा प्रश्न मात्र एवढा स्वस्तात सुटत नाही. तो बहुधा मागच्या रांगेतून येतो आणि विचारणारा वयानं मोठा असतो. "आमच्या गावात अमक्याला पान लागलं होतं. भगतानं मंत्र टाकला, विष उतरलं, माणूस दुसऱ्या दिवशी शेतावर गेला. हे मी या डोळ्यांनी बघितलंय. मग ते खोटं कसं?"

"ती अंधश्रद्धा आहे" असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळणारे वक्ते मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. त्या गृहस्थांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं आहे. माणूस वाचला, हे सत्य आहे. तो कशानं वाचला, एवढाच वाद आहे. आणि या वादाचा निकाल लागायला जगाला शे-सव्वाशे वर्षं लागली. त्यातला बराच भाग आपल्या देशात घडला आणि काही भाग तर मुंबईत परळला. आज मी तीच हकिकत सांगणार आहे.

तिची सुरुवात आंध्रच्या किनाऱ्यावर करावी लागते. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस विशाखापट्टणम् आणि मद्रासकडे होता. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला निसर्गाभ्यासक म्हणून नेमलं होतं. कंपनीच्या शिपायांना, नोकरांना साप चावत. पण विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. रसेलनं साप गोळा केले, स्थानिक तेलुगू नावांसकट त्यांची चित्रं काढवून घेतली आणि 1796 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या घोणसाच्या शास्त्रीय नावात आज जो 'रसेली' आहे, तो हाच. मण्यारीच्या कुळाचं 'बंगारस' हे नावही त्यानं नोंदवलेल्या 'बंगारुम पामा' या तेलुगू नावावरून आलेलं आहे.

त्या काळी 'तंजावरची गोळी' सर्पदंशावर रामबाण समजली जाई. तिच्यात सोमल आणि पारा असे. रसेलनं काय केलं, तर कुत्र्यांना आणि कोंबड्यांना साप चाववून गोळीचा प्रयोग करून पाहिला. भरवसा ठेवावा असं त्याला त्या गोळीत काही आढळलं नाही. प्रयोग क्रूर होता यात शंका नाही. पण प्रश्न विचारायची ही रीत नवी होती. औषध घेतलेला माणूस वाचला, एवढ्यावर न थांबता, औषध न घेता काय झालं असतं, हेही बघायचं.

पुढची मोठी पायरी कलकत्त्यात. जोसेफ फेरर हा तिथल्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होता. 1872 साली त्याचा 'थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया' हा भला थोरला ग्रंथ निघाला. त्यातली सापांची रंगीत चित्रं कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढली आहेत. आजही ती पाहताना नजर हटत नाही. फेररनं मुळ्या, सर्पमणी, अमोनिया असे त्या काळचे नावाजलेले उपाय एकामागून एक तपासले. एकही टिकला नाही. मग वाचलेल्या माणसांचं काय? फेररचं उत्तर साधं होतं. त्यातल्या पुष्कळांना चावलेला साप मुळात विषारी नव्हता, आणि उरलेल्या पुष्कळांच्या अंगात मरण येण्याइतकं विष गेलंच नव्हतं.

इथं जरा थांबून सापाची बाजू समजून घेऊ. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या साठेक विषारी. त्यातही माणसं मरतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. आपल्या घरापरड्यात वावरणारी धामण, ओढ्याकाठचा दिवड, गवतातली नानेटी, भिंतीच्या फटीतला कवड्या हे सगळे बिनविषारी. अंधारात चावा झाला, जनावर सळसळत निघून गेलं, तर ते काय होतं हे कोण सांगणार? कवड्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात आणि मण्यारीच्याही अंगावर असतात. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे नेमके उलट. हे दिवसाउजेडी, साप निवांत पडलेला असताना ओळखायचं! डुरक्या घोणस नावाचा बिचारा बिनविषारी साप तर निव्वळ घोणसासारखा दिसतो म्हणून मारला जातो.

दुसरी गोष्ट अशी की विष ही सापाची शिकारीची शिदोरी आहे. उंदीर-बेडूक गिळायचा तर ते लागतं. माणूस काही त्याला गिळायचा नसतो. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी चावताना विषारी साप कधी पुरतं विष सोडतो, कधी थोडंच, कधी अजिबात नाही. दात रुततात, रक्त येतं, पण विष उतरवायला अंगात असतच नाही. अशा माणसावर मंत्र टाका, मुळी उगाळून पाजा की नुसतं रामनाम घ्या, तो दुसऱ्या दिवशी शेतावर जाणारच.

याचं एक ढळढळीत उदाहरण 1891 सालचं आहे. व्हिएतनामच्या दक्षिण भागात, तेव्हाच्या फ्रेंच कोचीन-चायनात, बाक लिऊजवळच्या एका गावात अतिवृष्टीनं पाणी भरलं आणि बिळांतले नाग घरांत शिरले. चाळीस जणांना दंश झाले. मेले चार. उरलेल्या छत्तीस जणांनी जे काही केलं असेल, ते त्यांना पुढे जन्मभर औषध वाटलं असेल! तिथल्याच एका सर्प पकडणाऱ्यानं एकोणीस नाग पकडून पिंपात बंद केले आणि अधिकाऱ्यानं ते पिंप सायगावला पाठवून दिलं. तिथं पाश्चर यांच्या संस्थेतला आल्बेर काल्मेत हा तरुण डॉक्टर होता. क्षयाच्या 'बीसीजी' लशीतला 'सी' म्हणजे हाच काल्मेत. सर्पविषावरचं त्याचं काम त्या पिंपापासून सुरू झालं.

कल्पना अशी होती. जनावराला विष अगदी थोडं थोडं, वाढवत टोचत गेलं की त्याचं रक्त त्या विषाला मारणारे घटक तयार करतं. मग त्या रक्ताचं रक्तजल काढून दंश झालेल्या माणसाला टोचायचं. 1894 साली पॅरिसमध्ये फिझालिक्स आणि बर्त्रां यांनी आणि स्वतंत्रपणे काल्मेतनं हे करून दाखवलं. जगात पहिल्यांदाच सर्पदंशावर खरोखर चालणारं काही हाती आलं.

काल्मेत मात्र एक पाऊल पुढे गेला. नागाच्या विषावर आपण केलेलं रक्तजल सगळ्याच सापांवर चालेल, असं तो म्हणू लागला. त्याच्या कुप्या भारतातही आल्या. आणि इथं परळचा प्रवेश होतो.

1896 च्या प्लेगनंतर हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात थाटली गेली होती. आज तिलाच आपण हाफकिन संस्था म्हणतो. तिथं जॉर्ज लॅम्ब नावाचा भारतीय वैद्यकीय सेवेतला कॅप्टन काम करत होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-चार वर्षांत त्यानं काल्मेतचं रक्तजल घोणसाच्या विषाशी ताडून पाहिलं. परिणाम शून्य. नागाचं विष मज्जातंतूंवर घाला घालतं. पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणसाचं विष रक्तावर जातं. ते आधी रक्त गोठवतं आणि गोठवणारे घटक खर्ची पडले की रक्त साकळायचंच थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त वाहू लागतं, मूत्रपिंडं निकामी होतात. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार कशी? ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यालाही तिथल्या सापांबाबत हेच दिसलं होतं.

मला या सगळ्या इतिहासात लॅम्बचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. काल्मेतचं नाव सर्वतोमुखी झालं आणि लॅम्बचं मुंबईतही कुणाला ठाऊक नाही. पण विचार करा, घोणस चावलेल्या रोग्याला नागावरचं रक्तजल टोचून 'आता भीती नाही' असं सांगणारा डॉक्टर भगतापेक्षा वेगळा कुठे राहिला? सर्वांवर एकच उपाय, ही हाव मंत्रात होती तशीच कुपीतही होती. लॅम्बनं ती उघडी पाडली. औषध खरं असूनही चुकीच्या सापाला ते मंत्राइतकंच निरुपयोगी, हे त्यानं दाखवून दिलं.

लोकांच्या मनातून जुने उपाय मात्र सुटत नव्हते, आणि त्यात डॉक्टरही आले. 1904 च्या सुमारास लेनर्ड रॉजर्स यांनी एक छोटं पातं पुढं आणलं. त्याच्या दांड्याच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे खडे. चावा कापायचा आणि खडे आत चोळायचे. सोपं, स्वस्त, कुणालाही जमेल असं. जिवंत माणसात मात्र ते चालत नाही, कारण विष तोवर खोल आत गेलेलं असतं. आमच्या लहानपणी प्रथमोपचाराच्या पुस्तकांत हे जांभळे खडे, करकचून बांधलेली दोरी आणि पात्यानं घेतलेला छेद असायचाच. आज यातलं काहीही करू नये असं वैद्यक सांगतं. दोरीनं हातपाय सडतात. घोणस किंवा फुरसं चावलेल्याला छेद घेतला तर रक्त थांबत नाही.

हिमाचलातल्या कसौलीला 1905 साली मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली आणि तिथं नाग आणि घोणस या दोघांवर चालणारं रक्तजल होऊ लागलं. म्हणजे चारांतले दोन साप आटोक्यात आले. राहिली मण्यार आणि फुरसं.

फुरसं म्हणजे आमच्या कोकणाचा जुना वैरी. लांबी हात-सव्वा हात, अंग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळवून बसतं आणि खवल्यावर खवला घासून करवतीसारखा आवाज काढतं. जांभ्या दगडाच्या रंगात असं मिसळून जातं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. इंग्रज सरकारनं रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावलं. 1862 च्या डिसेंबरात अवघ्या आठवड्याभरात लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, अशी नोंद आहे. सरकारी खजिन्याची काय अवस्था झाली असेल! एवढी कत्तल होऊनही फुरसं आजही कोकणात आहेच. आंब्याच्या बागेत पालापाचोळा गोळा करताना, कुंपणाचा दगड उचलताना ते भेटतं.

मण्यारीचं संकट वेगळंच. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक की चावा कळत नाही, सूज नाही, खूण नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, घसा धरतो, पापण्या उघडत नाहीत. घरचे म्हणतात बाधा झाली, आणि नेतात देवऋष्याकडे. राजस्थानात तिच्या जातभाईला 'पिवणा' म्हणतात. तो छातीवर बसून झोपलेल्याचा श्वास पितो, अशी तिथली समजूत. निरीक्षण चोख आहे: माणूस श्वास थांबूनच मरतो. कारण तेवढं चुकलं. मच्छरदाणी नीट खोचून झोपलं तर हा दंश बहुतांशी टळतो, हे आवर्जून सांगतो.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास चारही सापांवर एकत्र चालणारी लस भारतात तयार होऊ लागली. हाफकिन संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. डॉ. पु. ज. देवरस यांच्यासारख्या संशोधकानं तिथं सापांच्या अभ्यासात हयात घालवली. 1965 साली नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेलं त्यांचं सापांवरचं पुस्तक अनेकांच्या घरी असेल. लशीसाठी घोडे लागतात, आणि हाफकिनचे घोडे पिंपरीला. घोड्याचं रक्त काढून त्यातून उपयोगी भाग वेगळा करतात, तो गोठवून सुकवतात आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. तालुक्याच्या दवाखान्यात पाणी मिसळून तीच शिरेतून देतात.

आता थोडा हिशेब. भारतीय मानकाप्रमाणे या लशीचा एक मिलिलिटर नागाचं किंवा घोणसाचं 0.6 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. मण्यारीचं आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी साठ-एक मिलिग्रॅम विष सोडतो. म्हणून सुरुवातीलाच दहा मिलिलिटरच्या आठ-दहा कुप्या लागतात. 'एक इंजेक्शन मारलं की झालं' असं ज्यांना वाटतं त्यांनी हा गुणाकार करून पाहावा. आणखी एक. लहान मुलाला चावताना साप विष कमी सोडत नाही, म्हणून मुलालाही लस मोठ्याइतकीच द्यावी लागते. आईबाप 'एवढ्याशा जिवाला एवढं औषध?' म्हणून घाबरतात, ते मी पाहिलं आहे.

साप कुठला हे माहीत नसेल तर? मारून पिशवीत घालून आणायची काहीच गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो. डॉक्टर एक साधी गोष्ट करतात. रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त साकळलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तावर गेलं आहे, म्हणजे काम घोणसाचं किंवा फुरशाचं. नळी प्लास्टिकची चालत नाही, काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला लागतं. परळला लॅम्बनं घोणसाच्या विषाचा रक्ताशी जो संबंध तपासला, तो आज कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात वीस मिनिटांत असा दिसतो.

मग इतकं सगळं असून माणसं मरतात का? फेररनं 1869 सालची आकडेवारी जमवली होती. बंगाल आणि उत्तर-मध्य हिंदुस्थानातल्या प्रांतांतून 11,416 मृत्यूंची नोंद त्याला मिळाली. हा आकडा खूप अपुरा आहे, असं त्याचं स्वतःचंच मत होतं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं सरकारी आकडे असेच अपुरे राहिले. रुग्णालयांच्या नोंदींत देशभरचे मृत्यू वर्षाला हजार-दोन हजारांच्या घरात दिसत. मग संशोधकांनी दवाखान्यात न जाता घरोघर जाऊन विचारलं, तुमच्या घरातलं माणूस कशानं गेलं? 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी 58,000. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे लावणी-बेणणीच्या दिवसांतले. याच मालिकेतल्या 2011 च्या अभ्यासात दिसलं होतं की चारांतले तीन मृत्यू दवाखान्याबाहेर होतात.

मागच्या रांगेतल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर इथं आहे. मंत्रानं 'वाचलेला' माणूस गावात हिंडतो, पारावर बसतो, आपली कथा सांगतो. मंत्र चालू असताना गेलेला माणूस काही सांगत नाही आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. 'वेळच आली होती' म्हणून त्याचं खातं बंद होतं. भगताच्या वहीत फक्त जमा आहे, खर्चाचा रकानाच नाही.

कुपीच्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. देशात लशीसाठी लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेतून येतं. कधी काळी कातडीसाठी साप पकडणाऱ्या या लोकांनी 1978 साली ही संस्था काढली. साप पकडायचा, विष काढायचं, पुन्हा सोडून द्यायचा. त्यांचं कौशल्य वादातीत आहे. पण तमिळनाडूच्या नागाचं विष आणि पंजाबच्या नागाचं विष सारखं नसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या काही वर्षांत झालेल्या कामानं हे पुढं आणलं आहे. राजस्थानातल्या मण्यारीच्या विषापुढे तर आपली लस फारच दुबळी ठरते. आपल्या सह्याद्रीत झाडांवर असणाऱ्या हिरव्या चापड्याचं विषही ती बनवताना वापरलेलं नसतं. लॅम्बनं विचारलं होतं, साप कोणता? आता विचारावं लागतं, साप कुठला?

प्रांतवार लस करायची तर प्रांतवार विष हवं, आणि कुठे किती दंश होतात, कोणत्या सापाचे, किती माणसं जातात याचा पक्का हिशेब हवा. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना पत्रं गेली की सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार ठरवावा, म्हणजे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्यानं प्रत्येक दंश आणि प्रत्येक मृत्यू कळवायचा. फेररनं कलकत्त्यात बसून जिल्ह्याजिल्ह्यांतून आकडे मागवले, त्याला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती.